सवड, नेम आणि रोजची रेघ

'वेळ' आणि 'सवड' हे दोन शब्द आपण बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो; पण त्यांच्यात फरक आहे. वेळ घड्याळात असतो आणि तो सगळ्यांच्या वाट्याला सारखाच येतो. सवड मात्र आपोआप मिळत नाही. ती काढावी लागते, किंवा दुसऱ्या कुणीतरी ती आपल्यासाठी काढून दिलेली असते. 'इतक्या धबडग्यात रोज एक चित्र काढायला तुम्हांला वेळ कसा मिळतो?' हा प्रश्न विचारणाऱ्याला वेळेबद्दल विचारायचे नसते, सवडीबद्दल विचारायचे असते. आणि सवडीचा प्रश्न हा केवळ दिनक्रमाच्या आखणीचा प्रश्न नाही. आपण आपल्या जगण्यात कोणत्या गोष्टीला जागा द्यायची आणि त्या जागेची किंमत कोण मोजणार, असा तो प्रश्न आहे. तो साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना अपरिचित असू नये.

निमित्त आहे 'इंकटोबर'चे. जेक पार्कर या अमेरिकी चित्रकाराने २००९ साली, शाईने रेखाटण्याचा आपला हात सुधारावा म्हणून, ऑक्टोबर महिनाभर रोज एक चित्र काढायचे ठरवले. 'इंक' आणि 'ऑक्टोबर' यांचा जोडशब्द त्याने तयार केला आणि पाहता पाहता जगभरातल्या हौशी-व्यावसायिक चित्रकारांनी तो नेम उचलला. ३१ दिवस, ३१ चित्रे, माध्यम शाई. २०१६ पासून प्रत्येक दिवसासाठी एकेक शब्द सुचवणारी यादीही निघू लागली. आपल्याकडच्या महाविद्यालयांतही हा नेम धरणारे विद्यार्थी आणि (संख्येने कमी, पण) शिक्षक आता भेटतात. मी स्वतः चित्रकला शिकवत नाही, साहित्य शिकवते; तरी गेली काही वर्षे ऑक्टोबर आला की शाईची बाटली टेबलावर येते.

ऑक्टोबर हा महिना आपल्याकडे या कामासाठी अत्यंत गैरसोयीचा आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. सत्रपरीक्षा तोंडावर आलेल्या असतात किंवा संपून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे समोर असतात. नवरात्र, दसरा, पुढे दिवाळीची साफसफाई आणि फराळ. त्यात ऑक्टोबरचा उकाडा. तासिका तत्त्वावर शिकवणारा तरुण प्राध्यापक तर या महिन्यात दोन महाविद्यालयांच्या दोन वेळापत्रकांमध्ये विभागलेला असतो. अशा माणसाला 'रोज एक चित्र काढ' असे सांगणे हा एक प्रकारचा क्रूर विनोद वाटू शकतो. तरीही काहीजण ते करतात. कसे करतात हा प्रश्न आहेच, पण त्याहून का करतात आणि करावे का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

आक्षेप दोन दिशांनी येतात. पहिला कलावाद्यांचा. कला स्फूर्तीवर जगते, तिला दिवसाचा हिशेब लावला की तिचा रतीब होतो, असे हा पक्ष म्हणतो. 'रतीब' हा शब्द आपल्या समीक्षेत निंदेचाच आहे. एखाद्या सदरलेखकाने 'रतीब घातला' असे म्हटले की पुढे काही बोलावे लागत नाही. दुसरा आक्षेप व्यवहारवाद्यांचा. ज्याला चित्रकार व्हायचे नाही, ज्याच्या चित्राला प्रदर्शन नाही की बाजार नाही, त्याने रोजची पंधरा-वीस मिनिटे त्यात का घालवावीत? त्यापेक्षा शोधनिबंध लिहावा, नॅकची फाईल पुरी करावी, निदान झोप तरी घ्यावी. हे दोन्ही पक्ष एकमेकांचे विरोधक दिसतात. प्रत्यक्षात दोघांचे म्हणणे एकच आहे: चित्र काढणे हे रोजच्या माणसाचे काम नव्हे. एकाच्या मते ते त्याच्या आवाक्याबाहेरचे, दुसऱ्याच्या मते त्याच्या गरजेबाहेरचे.

या समजुतीला फार जुने उत्तर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात थोरल्या प्लिनीने आपल्या निसर्गविषयक बृहद्ग्रंथाच्या पस्तिसाव्या खंडात ग्रीक चित्रकार अपेलीझ याच्याविषयी काही गोष्टी नोंदवल्या आहेत. अपेलीझ हा अलेक्झांडरच्या दरबारातला, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला चित्रकार. दिवस कितीही कामाचा असला तरी एखादी रेघ ओढून हात चालता ठेवल्याशिवाय तो दिवस जाऊ द्यायचा नाही, असा त्याचा नेम होता आणि त्यावरूनच पुढे म्हण पडली, असे प्लिनी सांगतो. ती म्हण युरोपात अनेक लेखकांनी आपल्या टेबलासमोर लावून घेतल्यासारखी वापरली. पण म्हण होताना तिच्यातला एक तुकडा गळून पडला: कामाचा दिवस. अपेलीझ रिकामा होता म्हणून रोज रेघ ओढत होता, असे प्लिनी म्हणत नाही. कामात असूनही ओढत होता, असे म्हणतो. आणि तो 'चित्र' म्हणत नाही, 'रेघ' म्हणतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या नोंदीत आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. व्यग्र माणसाच्या नेमाचे माप लहान असले पाहिजे.

माप लहान ठेवण्याचे महत्त्व दुसऱ्या एका तुलनेने स्पष्ट होईल. क्रिस बेटी याने १९९९ साली अमेरिकेत महिनाभरात कादंबरी लिहिण्याचा उपक्रम सुरू केला. तो पुढे नोव्हेंबर महिन्याशी जोडला गेला. लक्ष्य ५०,००० शब्दांचे, म्हणजे दिवसाला सुमारे १,६६७ शब्द. तो चालवणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये आपले काम थांबवत असल्याचे जाहीर केले. त्यामागची कारणे वेगळी आहेत आणि त्यांच्याशी आपल्याला येथे कर्तव्य नाही. पण दोन उपक्रमांच्या गणितातला फरक पाहण्याजोगा आहे. कादंबरीच्या नेमात एक दिवस चुकला की तो दुसऱ्या दिवसावर कर्ज म्हणून चढतो. तीन दिवस चुकले की पाच हजार शब्दांची थकबाकी होते आणि माणूस ते लिखाणच टाळू लागतो. चित्राचे तसे नाही. आजचे चित्र आज संपते. काल काढले नाही म्हणून आजची कपबशी काढायला काही अडत नाही. खाडा पडला तर पडला. हजेरीपुस्तकात लाल खूण होते, पण बाकी काही वाढत नाही. पार्करने स्वतःही रोज जमत नसेल तर एक दिवसाआड काढा, तेही नसेल तर आठवड्यातून एक काढा, अशी मुभा ठेवली आहे. गंमत अशी की या मुभेची आठवण फार थोड्यांना असते. आव्हान म्हटले की आपल्याला ते पूर्णच करायचे असते.

'आव्हान' या शब्दापाशी जरा थांबले पाहिजे. इंग्रजीतल्या 'चॅलेंज'चे हे भाषांतर आपल्याकडे आता रुळले आहे, पण त्यात कुणीतरी समोर उभे आहे, हरणे-जिंकणे आहे. रोज न चुकता करण्याच्या गोष्टीसाठी मराठीत जुना शब्द आहे: नेम. नेमात प्रतिस्पर्धी नसतो. त्याला आरंभ असतो, संकल्प असतो आणि व्रताचे रूप असेल तर उद्यापनही असते. म्हणजे तो कधीतरी रीतसर संपतो. रोज काही लिहीत जावे असा समर्थांच्या नावावर सांगितला जाणारा उपदेश आपण शाळेपासून ऐकतो, तोही नेमाचाच. मला वाटते, या महिनाभराच्या उपक्रमाकडे आव्हान म्हणून न पाहता नेम म्हणून पाहिले तर त्यातले अर्धे ताण नाहीसे होतील.

आणि नेमाने महिनाभर रेखाटणे ही काही २००९ साली अमेरिकेत लागलेली नवी गोष्ट नव्हे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत अंगणात चैत्रांगण काढण्याची चाल महाराष्ट्रात आहे. पाळण्यातली किंवा मखरातली गौर, शंख, चक्र, गदा, कमळ, चंद्र-सूर्य, तुळशीवृंदावन, कासव, नाग, हत्ती, गोपद्मे अशी कितीतरी चिन्हे रांगोळीने महिनाभर रोज काढायची. चातुर्मासात रोज तेहतीस गोपद्मे काढण्याचे व्रत तर चार महिन्यांचे, आणि तेही पाच वर्षे. विषयांची यादी ठरलेली, माध्यम ठरलेले, मुदत ठरलेली. आजच्या भाषेत बोलायचे तर सगळी सामग्री तयार आहे. चिमटीतून पडणारी रांगोळीची रेघ शाईसारखीच असते. चुकली तर पुसता येते खरी, पण हात थरथरला की ते दिसतेच. हे सारे करणाऱ्या बायकांना 'तुम्हांला वेळ कसा मिळतो?' असे कुणी विचारले नाही. कारण सडा, झाडलोट, रांगोळी ही एकाच कामाची तीन अंगे होती. चित्राला निराळी सवड काढावी लागतच नव्हती. ते घरकामात गुंडाळलेले होते.

या परंपरेचे गोडवे गाऊन थांबणे सोपे आहे, पण प्रामाणिकपणाचे होणार नाही. तो नेम बाईने स्वतः निवडलेला नव्हता. तो तिच्याकडे लग्नाबरोबर आला होता. न काढण्याची मुभा तिला नव्हती, चित्राखाली नाव घालण्याचा तर प्रश्नच नव्हता आणि दुपारपर्यंत ते पायांखाली पुसले जाई. बहिणाबाई चौधरींचे उदाहरण साहित्याच्या प्रत्येक वर्गात दिले जाते. शेत, जाते, चूल यांच्या कामातच त्यांची गाणी झाली. ती कुणीतरी ऐकून उतरवून ठेवली आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, ती पुस्तकरूपाने आली, म्हणून आज आपल्याकडे आहेत. हे उदाहरण देऊन 'इच्छा असली की वेळ मिळतो' असा निष्कर्ष काढला जातो, तो मला पटत नाही. उतरवून घेणारे कुणी नव्हते म्हणून जी गाणी विरून गेली त्यांचा हिशेब या निष्कर्षात नाही. कामात गुंडाळलेली कला कामाबरोबरच नाहीशी होते, ही त्या उदाहरणाची दुसरी बाजू आहे.

येथे सवडीच्या किमतीचा प्रश्न पुढे येतो. दररोजच्या नेमाचा आदर्श म्हणून इंग्रजी साहित्याचे शिक्षक अँथनी ट्रोलपचे नाव घेतात. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून त्याने ढीगभर कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे, घड्याळ समोर ठेवायचे आणि दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द लिहायचे, ही पद्धत त्याने आत्मचरित्रात निःसंकोचपणे सांगितली आहे. ते आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ साली, प्रसिद्ध झाले आणि त्या प्रांजळपणाने त्याच्या कीर्तीला धक्का बसला. कलावंताने घड्याळ लावून लिहावे हे वाचकांना रुचले नाही. म्हणजे रतीबाचा आक्षेप काही आपला एकट्यांचा नाही. पण त्याच आत्मचरित्रातला एक तपशील या चर्चेत सहसा येत नाही. पहाटे उठवायला ट्रोलपने एक जुना नोकर ठेवला होता आणि त्या कामाबद्दल तो त्याला वर्षाला पाच पौंड जादा देत असे. ट्रोलपच्या आधी तो नोकर उठत होता. ट्रोलपने निदान हे लिहून ठेवले, पैसेही दिले. इटालियन चित्रकार जॉर्जो मोरांडी याने बोलोन्याच्या प्राथमिक शाळांत वर्षानुवर्षे चित्रकला शिकवली, नंतर तिथल्या कला अकादमीत शिकवले आणि उरलेल्या वेळात आयुष्यभर त्याच त्या बाटल्या आणि भांडी रंगवली. शिक्षकाच्या नोकरीत राहून काय करता येते याचा तो थोर दाखला आहे. पण मोरांडीच्या घरात त्याच्या तीन बहिणी होत्या, हेही आपण विसरू नये.

ही नावे घेण्यामागे त्यांच्या कामाचे मोल कमी करण्याचा हेतू नाही. सांगायचे आहे ते एवढेच की 'शिस्त लावून घ्या, वेळ मिळेल' हा उपदेश करणाऱ्याने आपल्या घरी कणीक कोण मळते हे एकदा पाहावे. ज्या घरात दोघे नोकरी करतात आणि दिवाळीची साफसफाई मात्र एकटीच करते, तिथे तिच्या हातात पंधरा मिनिटे यावीत म्हणून दुसऱ्या कुणीतरी पंधरा मिनिटांचे काम उचलले पाहिजे. सवड ही अशी वाटून घ्यायची गोष्ट आहे. व्हर्जिनिया वुल्फने १९२९ साली स्वतःच्या खोलीचा आणि उत्पन्नाचा जो मुद्दा मांडला तो आपण परीक्षेत दहा गुणांसाठी लिहून घेतो. तो मुद्दा आपल्या घरातल्या टेबलालाही लागू आहे.

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू. चित्राला लागणारी सवड ही बहुतांशी चित्र काढण्याची नसते. काय काढायचे हे ठरवण्याची, साहित्य मांडण्याची आणि चांगलेच आले पाहिजे या भीतीशी झगडण्याची असते. ही तीन कामे कमी केली तर प्रत्यक्ष रेखाटन दहा मिनिटांत होते. विषय शोधू नये. समोर जे आहे ते काढावे: चहाचा कप, चष्मा, कुलूप, झोपलेले मांजर, बसच्या खिडकीतून दिसणारा पाठमोरा माणूस. मोरांडीला बाटल्या आयुष्यभर पुरल्या, तर आपल्याला महिनाभर एक कप पुरायला हरकत नाही. वही लहान असावी, पोस्टकार्डाएवढी. पाठकोऱ्या कागदांची शिवलेली असेल तर उत्तम, कारण महागड्या कागदावर हात आखडतो. आणि दिवसातली एक जागा ठरलेली असावी: चहा झाल्यावर, किंवा कुकरच्या पहिल्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मध्ये, किंवा गाडीची वाट पाहताना. रवींद्रनाथांची चित्रकला हस्तलिखितातल्या खोडाखोडीतून वाढली, हे प्रसिद्धच आहे. १९२४ च्या सुमाराच्या 'पूरबी'च्या हस्तलिखितात खोडलेले शब्द एकमेकांना जोडून त्यांनी पक्षी आणि प्राणी घडवले. त्यासाठी त्यांनी वेगळा वेळ राखून ठेवला नव्हता; कविता तपासण्याच्या कामाच्या फटीतच ती चित्रे उगवली. १९३० साली पॅरिसमध्ये त्यांचे पहिले प्रदर्शन झाले तेव्हा त्यांचे वय सत्तरीला टेकले होते.

शाईचेही एक महत्त्व आहे. आपल्यापैकी बहुतेकांची चित्रकला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांपाशी संपलेली असते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन असे पेपर, त्यांची श्रेणी, आणि मग हातातली पेन्सिल सुटते ती कायमची. त्या परीक्षांनी पुष्कळ मुलांना चित्रकलेची गोडी लावली हे खरे. पण पुष्कळांच्या मनात 'मला चित्र येत नाही' हे वाक्यही कायमचे कोरले. त्या वयाची सगळी आठवण खोडरबराशी बांधलेली आहे. शाई खोडता येत नाही. रेघ चुकली तर ती चुकलेली रेघ धरूनच पुढे जावे लागते. ज्याच्यापाशी फक्त दहा मिनिटे आहेत त्याच्यासाठी हे बंधन उपकारक ठरते, कारण दुरुस्तीचा मार्गच बंद असल्याने तो पाहण्याकडे अधिक लक्ष देतो.

नेमाचा खरा लाभ या पाहण्यातच आहे. जॉन रस्किनने १८५७ साली हौशी लोकांसाठी रेखाटनाची प्राथमिक तत्त्वे सांगणारे पुस्तक लिहिले. (त्याच वर्षी मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली.) त्याआधी लंडनमध्ये १८५४ साली स्थापन झालेल्या कामकरी लोकांच्या महाविद्यालयात तो संध्याकाळी चित्रकला शिकवीत असे. दिवसभर सुतारकाम किंवा कारकुनी करून आलेली माणसे त्याच्यासमोर बसत. त्यांना चित्रकार बनवणे हा त्याचा उद्देश नव्हता. त्यांना नीट पाहता यावे, हा होता. चित्र काढता यावे म्हणून निसर्ग पाहायचा नाही, तर निसर्गावर प्रेम जडावे म्हणून चित्र काढायचे, असा क्रम त्याने प्रस्तावनेत स्पष्ट केला आहे. रस्किनच्या इतर मतांशी कुणाचे कितीही भांडण असो, हा क्रम साहित्याच्या शिक्षकाला पटावा. कविता 'समजली' असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला ती पुन्हा मोठ्याने वाचायला सांगितली की त्याने एक अख्खी ओळ वगळली होती हे ध्यानात येते. तसेच दहा वर्षे ज्यातून चहा घेतला त्या कपाचा कान कुठे जोडला आहे हे काढायला बसेपर्यंत आपल्याला माहीत नसते. दोन्ही ठिकाणी मुद्दा एकच: घाईत आपण वस्तू पाहत नाही, वस्तूचे नाव पाहतो. 'कप' हा शब्द डोळ्यांपुढे आला की कपाकडे पाहण्याचे काम संपते. चित्र काढताना शब्द बाजूला ठेवावा लागतो. ज्यांचा सारा दिवस शब्दांत जातो त्यांना ही विश्रांती आहे आणि शिक्षणही.

प्रभाकर बरवे यांचे 'कोरा कॅनव्हास' (१९९०) ज्यांनी वाचले असेल त्यांना हे नवे नाही. बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होते. चित्रांबरोबर त्यांनी वर्षानुवर्षे वह्या आणि दैनंदिन्या लिहिल्या. त्यांत टिपणे आणि रेखाटने शेजारी शेजारी नांदतात. किल्ली, पान, शिंपला, घड्याळ अशा साध्या वस्तू त्यांच्या चित्रांत जे रूप घेतात त्यामागे वहीतल्या अशा रोजच्या कामाचा मोठा वाटा आहे. मराठीत कलाविचाराचे इतके चांगले गद्य थोडेच आहे, आणि ते एका नोकरदार चित्रकाराच्या नियमित टिपणांच्या सवयीतून आलेले आहे.

मग रतीबाच्या आक्षेपाचे काय? आर. के. लक्ष्मण यांची चौकट १९५१ पासून पाच दशकांहून अधिक काळ 'टाइम्स ऑफ इंडिया'त येत राहिली. तोही रतीबच होता. त्यातले प्रत्येक चित्र श्रेष्ठ होते असे कुणीही म्हणणार नाही. पण जी श्रेष्ठ होती ती रोजच्या बैठकीशिवाय आली असती असेही म्हणता येणार नाही. जपानी चित्रकार होकुसाई याने ऐंशी ओलांडल्यावर, १८४२-४३ च्या काळात, रोज सकाळी अरिष्ट टाळण्यासाठी म्हणून सिंहाची शाईतली चित्रे काढली. त्यांतली दोनशेहून अधिक आज उपलब्ध आहेत. विषय एकच; पण कुठे तो सिंह झेपावतो, कुठे तो सिंहाचे सोंग घेऊन नाचणारा माणूस असतो. एवढ्या वयाच्या, एवढ्या कीर्तीच्या माणसाने ही चित्रे बाजारासाठी काढली नव्हती. दिवस नीट सुरू व्हावा म्हणून काढली होती. 'रतीब' शब्दातली निंदा थोडी बाजूला सारली तर त्यात एक चांगला अर्थही आहे: दूध रोज यावे लागते, कारण ते रोज लागते.

धोके आहेत, आणि ते सांगितल्याशिवाय हे समर्थन एकांगी होईल. पहिला धोका प्रदर्शनाचा. काढलेले चित्र त्याच दिवशी लोकांना दाखवायचे, या अपेक्षेने नेम फार लवकर कामगिरी होतो. मग दहा मिनिटांचे चित्र दोन तासांचे होते, कप सोडून राक्षस आणि अंतराळवीर येतात, आणि पाचव्या दिवशी माणूस थकून सोडून देतो. जो सोडतो तो आळशी ठरत नाही. त्याच्यासमोर इतरांची दोन तासांची चित्रे ठेवली गेली, म्हणून तो सोडतो. रांगोळी दुपारी पुसली जाण्यात अन्याय होता असे मी वर म्हटले. पण तिच्यात एक मोकळीकही होती, उद्याच्या रांगोळीला आजच्या रांगोळीचे ओझे नव्हते. चित्रवही मिटून ठेवण्याने ती मोकळीक मिळू शकते, आणि वही टिकतेही. महिना संपल्यावर हवी तर एखाद्या मित्राला दाखवावी.

दुसरा धोका अतिनेमाचा. एकही खाडा न पाडण्याचा अभिमान हा शेवटी आकड्यांचा अभिमान आहे. घरात आजारपण आहे, परीक्षेचे काम रात्री उशिरापर्यंत चालले आहे, तरी एकतिसातले सव्विसावे चित्र काढलेच पाहिजे, असे जो स्वतःला बजावतो त्याने आपल्याच डोक्यावर आणखी एक साहेब बसवून घेतला. आपल्या व्यवसायात साहेबांची टंचाई नाही. ज्या प्लिनीने अपेलीझच्या रोजच्या रेघेची नोंद केली, त्यानेच त्याची दुसरीही एक गोष्ट सांगितली आहे. प्रोटोजनीझ हा समकालीन चित्रकार फार कष्टाळू होता. त्याच्याविषयी अपेलीझ म्हणत असे की बाकी सर्व बाबतींत तो माझ्या बरोबरीचा किंवा माझ्यापेक्षा सरस आहे. पण चित्रावरून हात केव्हा उचलायचा हे मला कळते, त्याला कळत नाही. अतिरिक्त कष्ट अनेकदा घातक ठरतात, असे तात्पर्यही प्लिनीने जोडले आहे. रोज रेघ ओढणारा आणि हात उचलण्याची वेळ जाणणारा चित्रकार एकच आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. 

म्हणून माझे म्हणणे असे. हा नेम व्यग्र माणसानेच करावा, कारण रिकाम्या माणसाला त्याची तितकी गरज नाही. तो महिन्याचाच असावा, वर्षभराचा नको. उद्यापनाशिवायचे व्रत हे व्रत राहत नाही, शिक्षा होते. ऑक्टोबर गैरसोयीचा असेल तर दुसरा महिना घ्यावा. चैत्र तर आपल्या परंपरेने आखूनच दिलेला आहे. माप लहान असावे, खाड्याला क्षमा असावी, आणि घरातल्या ज्या कुणाला ही पंधरा मिनिटे कधीच मिळालेली नाहीत त्याला किंवा तिला ती मिळतील अशी कामाची वाटणी आधी व्हावी. या शेवटच्या अटीशिवाय बाकीच्या सूचना पोकळ आहेत.

साहित्याच्या शिक्षकांना आणखी एक सुचवावेसे वाटते. पुढच्या सत्रात एखाद्या तासाच्या सुरुवातीची सात मिनिटे वर्गाला द्यावीत आणि बाकावर जे समोर आहे ते शाईच्या पेनने, न खोडता काढायला सांगावे. चित्रे गोळा करू नयेत, गुण देऊ नयेत, भिंतीवर लावू नयेत. नंतर नेहमीप्रमाणे कविता शिकवावी. असे आठ-पंधरा दिवस करून पाहावे. मुले चित्रकार होणार नाहीत. पण त्यांच्यातली काही ओळ वगळल्याशिवाय वाचू लागतील, असा माझा वर्गातला अनुभव आहे. आणि अभ्यासक्रम सात मिनिटांनी मागे पडला तरी ते फायद्याचेच आहे.